बिनमाणसाचे हेलिकॉप्टर : रणातून वावरात



गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाच्या आडसाली उसावर यंत्राने हवेतून फवारणीचे प्रात्यक्षिक आम्ही ठेवले होते. गावातली निम्मी माणसं आणि झाडून सगळी पोरं बांधावर जमली. यंत्र भणभणत वर उठले, उसाच्या शेंड्यावरून सरळ रेघेत गेले, टोकाला वळून परत आले. सगळे पाहत राहिले. तेवढ्यात एक म्हातारबा आमच्या जवळ आले अन् म्हणाले, “साहेब, हे भुंगाट उडून राह्यलं ते ठीक. पण याले हाकलून कोन राह्यलं? अन् याच्या औषदानं माह्या वावरातली मेथी जळली, त भांडू कोनासंग?”

प्रश्न अगदी बरोबर होते. घाईत आम्ही दोनच वाक्यांत उत्तर दिले आणि ते आमच्याच मनाला पटले नाही. म्हणून या अंकात जरा बैजवार सांगायचे ठरवले. हे यंत्र आले कुठून, उडते कसे, आपल्या उसाला त्याचा उपयोग किती, आणि धोका कुठे, हे क्रमाने पाहू.

मूळ लढाईतले

माणूस न बसवता हेलिकॉप्टर उडवावे ही कल्पना शेतीची नव्हे, लष्कराची. १९६० च्या दशकात अमेरिकी नौदलाने क्यू-एच-५० नावाचे छोटे हेलिकॉप्टर विनाशिकांवर ठेवले. पाण्याखालची पाणबुडी दूर अंतरावर सापडली की जहाज तिथपर्यंत पोचेतो ती निसटायची. वैमानिक घेऊन जाणारे मोठे हेलिकॉप्टर उतरवायला त्या लहान जहाजांवर जागा नव्हती. तेव्हा जहाजावरून रेडिओने चालवायचे हे यंत्र पाणतीर घेऊन पाठवायचे आणि तो पाणबुडीवर सोडायचा, अशी ती योजना होती. कल्पना चांगली, पण त्या काळची यंत्रसामग्री कच्ची होती. बरीच यंत्रे समुद्रात बुडाली आणि दशक संपता संपता ती योजना गुंडाळली गेली.

पुढे उपग्रहावरून जागा कळू लागली, संगणक मुठीएवढा झाला आणि तीच कल्पना पुन्हा उभी राहिली. २०११ च्या डिसेंबरात अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्याने के-मॅक्स हे बिनमाणसाचे हेलिकॉप्टर दूरच्या ठाण्यांना रसद पोचवण्यासाठी आणले. रस्त्यावर सुरुंग पेरलेले असत, मालमोटारी उडवल्या जात आणि चालक मरत. हवेतून बिनमाणसाने माल गेला तर तेवढे जीव वाचत. या एका उदाहरणात सगळे सार आहे. जे काम कंटाळवाणे, जे घाणेरडे आणि जे जिवावरचे, त्यातून माणूस बाजूला काढायचा, एवढ्यासाठी हे यंत्र.

आपला देशही यात मागे नाही. पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेने मुंबईच्या आयआयटीतून शिकलेल्या तरुणांच्या कंपनीबरोबर ‘नेत्र’ नावाचे यंत्र तयार केले. चार पंख्यांचे, वजन अवघे दीड किलो. २०१३ साली उत्तराखंडात महापूर आला तेव्हा अडकलेल्या माणसांचा शोध घ्यायला ते वापरले गेले. नागपूरच्या कारखान्यात बनलेले ‘नागास्त्र’ २०२४ मध्ये सैन्याला मिळाले. ते मात्र हेलिकॉप्टरच्या जातीचे नव्हे, विमानासारखे पंख असलेले आणि लक्ष्यावर जाऊन स्वतःच फुटणारे आहे. सांगायचा मुद्दा हा की विदर्भाच्या मातीला हा विषय परका राहिलेला नाही.

वावरात आणले जपानने

शेतीत हे यंत्र आणण्याचा मान जपानचा. तिथली भातखाचरे लहान, गावाला लागून. पूर्वी मोठ्या हेलिकॉप्टरने फवारणी व्हायची, पण औषध घरांवर, शाळांवर जायचे. शिवाय खेड्यातली तरुण पिढी शहरात गेली आणि पाठीवर पंप घ्यायला म्हातारी माणसंच उरली. आपल्याकडेही आता वेगळे काय आहे? १९८० च्या दशकात तिथल्या सरकारच्या प्रोत्साहनाने यामाहा कंपनीने, होय, तीच फटफटीवाली, बिनमाणसाचे फवारणी हेलिकॉप्टर करायला घेतले. १९८७ साली ‘आर-५०’ आले. ते सुमारे २० किलो वजन उचलायचे. १९९७ मध्ये त्याहून दणकट ‘आर-मॅक्स’ आले. पुढे जपानात अशी दोन हजारांहून अधिक हेलिकॉप्टरे भातावर फिरू लागली.

हेच आर-मॅक्स २००० साली उसू नावाच्या ज्वालामुखीजवळ पाठवून, माणूस जाऊ शकणार नाही तिथली छायाचित्रे आणली गेली. आणि २००६ साली हेच हेलिकॉप्टर परवानगीविना चीनला विकल्याच्या संशयावरून जपानी पोलिसांनी कंपनीच्या कचेऱ्यांवर धाडी घातल्या. कारण, भातावर औषध टाकणारे यंत्र उद्या दुसरेच काही टाकू शकते, ही भीती. सुरी भाजीही कापते अन् बोटही. म्हणूनच या यंत्राला कायद्याचा लगाम ट्रॅक्टरपेक्षा जास्त आहे, हे लक्षात ठेवावे.

उडते कसे?

साध्या हेलिकॉप्टरला डोक्यावर एक मोठा पंखा असतो. तो हवा खाली लोटतो आणि यंत्र वर उठते. पण पंखा एका बाजूला फिरला की धड उलट्या बाजूला फिरू पाहते. आपली बोअरमधली मोटर सुरू होताना पाइपाला जो झटका बसतो, तोच हा प्रकार. तो झटका मारायला हेलिकॉप्टरच्या शेपटीला छोटा पंखा लावलेला असतो. पुढे, मागे, बाजूला जाण्यासाठी मोठ्या पंख्याच्या पात्यांचा कोन फिरता फिरता बदलावा लागतो. ही यंत्रणा नाजूक, महाग आणि दुरुस्तीला कटकटीची.

आपल्याकडे आता जे ‘ड्रोन’ दिसते ते हेलिकॉप्टरचेच धाकटे भावंड. त्याला चार किंवा सहा छोटे पंखे. निम्मे उजवीकडे फिरतात, निम्मे डावीकडे, त्यामुळे झटका आपसात जिरतो आणि शेपटीची गरज राहत नाही. पुढे जायचे तर मागच्या पंख्यांचा वेग वाढवायचा, म्हणजे यंत्र पुढे झुकते आणि सरकते. पात्यांचा कोन बदलण्याची भानगड नाही. तोल सांभाळण्याचे काम आतला संगणक सेकंदाला शेकडो वेळा करतो. तिफणीवरचा पक्का माणूस जसा न बघता हाताने तोल राखतो, तसे.

म्हातारबांचा पहिला प्रश्न होता, हाकलते कोण? तर हाकलणारा बांधावर उभा असतो. शेताच्या चार कोपऱ्यांच्या खुणा तो आधी यंत्राला देतो, उपग्रहाच्या मदतीने यंत्र रेघा धरते, पण नजर आणि जबाबदारी त्या माणसाचीच. यंत्र बिनमाणसाचे असले तरी काम बिनमाणसाचे नाही.

आम्ही हा विषय मनावर का घेतला

आता जरा अंतरीचे सांगतो. २०१७ सालचा खरीप अमरावती विभाग विसरणार नाही. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. दाट पिकात, दमट हवेत, औषध अंगावर, तोंडावर येत होते.

त्याच दिवसांत आपल्या भागातल्या एका वावरात आम्ही ऊस नोंदीला गेलो होतो. शेजारच्या पऱ्हाटीत फवारणारा सालदार बांधावर येऊन बसला. डोळे लाल, तोंडाला लाळ, हात थरथरत. आम्ही, शेतीची पदविका घेतलेल्या माणसाने, त्याला म्हटले, “ऊन लागलं असंल, सावलीत बस, पाणी पी.” आणि मोटारसायकलला किक मारली. संध्याकाळी कळले, त्याला सरकारी दवाखान्यात नेले आहे. चार-पाच दिवसांनी तो घरी परतला हे त्याचे नशीब. ती विषबाधेची लक्षणे आम्ही पुस्तकात पाठ केली होती, डोळ्यांसमोर आली तेव्हा ओळखली नाहीत. तेव्हापासून पाठीवरचा पंप पाहिला की आम्हाला तो बांध आठवतो. आणि कपाशी डोक्याच्या वर गेली तर ही गत, मग आपला ऊस तर बारा फूट जातो.

उसात उपयोग कुठे, कुठे नाही

ऊस पाच-सहा महिन्यांचा झाला की सरीत माणूस शिरत नाही. पाचट कापते, वारा लागत नाही, पंपाची नळी शेंड्यापर्यंत पोचत नाही. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात लोकरी माव्याने धुमाकूळ घातला तेव्हा याच अडचणीने सगळे हतबल झाले होते. अशा उभ्या उसावर हवेतून जाणारे यंत्र उपयोगी पडते, यात शंका नाही. विशेषतः,

१. पानांवरचे रोग, जसे तांबेरा, आणि पायरीला म्हणजे पाकोळी, ही कीड शेंड्याकडे वाढली असेल तेव्हा.

२. सूक्ष्म अन्नद्रव्ये किंवा विद्राव्य खते पानांवाटे द्यायची असतील तेव्हा. पाण्याचा ताण बसलेल्या उसाला हा आधार होतो.

३. पावसाने जमीन चिखलली आहे, ट्रॅक्टर आत जात नाही, आणि फवारणी थांबवता येत नाही तेव्हा.

आता उपयोग कुठे नाही तेही स्पष्ट सांगतो. हुमणी जमिनीत राहून मुळ्या खाते. वरून कितीही उडवा, तिला पत्ता लागणार नाही. खोडकिडीची अळी एकदा पोंग्यात शिरली की वरवरच्या फवाऱ्याला दाद देत नाही. तिच्यासाठी वेळेवर मातीची भर आणि ट्रायकोकार्ड बरे. लोकरी मावा पानाच्या खालच्या अंगाला बसतो. पंख्यांच्या वाऱ्याने पाने थोडी उलटतात, पण दाट उसात खालच्या पानांपर्यंत थेंब पुरेसे जात नाहीत. शिवाय या माव्याचा मोठा बंदोबस्त अखेर डिफा, मायक्रोमस या मित्रकिडींनीच केला, हे विसरू नका. पानावर मित्रकिडी दिसत असतील तर यंत्र बोलावणे म्हणजे राखणदारालाच मारणे होय.

पाणी कमी, पण औषध तेज

हा परिच्छेद कृपया दोनदा वाचावा. पाठीवरच्या पंपाने एकरी साधारण १५० ते २०० लिटर पाणी लागते. दहा लिटर टाकीचे यंत्र एकराला साधारण दहा लिटरच पाणी वापरते आणि सात ते दहा मिनिटांत एकर उरकते. पाण्याच्या खेपा वाचल्या, वेळ वाचला. पण एकरी औषधाची मात्रा तर तेवढीच राहते. म्हणजे जे औषध २०० लिटरमध्ये विरघळत होते ते आता १० लिटरमध्ये आले. द्रावण वीसपट तेज झाले!

याचा अर्थ असा. सरीतला माणूस धोक्यातून निघाला, पण टाकी भरणारा माणूस जास्त धोक्यात आला. त्याच्या हातावर सांडलेला एक चमचा आता पूर्वीच्या वीस चमच्यांइतका. यंत्र आले म्हणून हातमोजे, चष्मा, तोंडावर मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे यांतून सुटका नाही. उलट ते जास्त गरजेचे. आणि ‘थोडं जास्त टाका, लवकर मरते’ ही आपली जुनी खोड इथे पिकालाही जाळील.

मेथी जळली तर?

म्हातारबांचा दुसरा प्रश्न याहून अवघड. हवेतून सोडलेले औषध आपला बांध ओळखत नाही. केरळातल्या कासरगोड भागात काजूच्या मळ्यांवर वर्षानुवर्षे, २००० सालापर्यंत, हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. खालच्या वस्तीतल्या लेकराबाळांचे आजार आणि अपंगत्व हा पुढे देशभर गाजलेला विषय झाला आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर बंदी आणली. ते माणसाचे हेलिकॉप्टर होते आणि फार वरून जायचे. आपले यंत्र पिकाच्या दोन-तीन मीटरच वरून जाते. तरी धडा एकच आहे. वारा कुणाचा सोयरा नाही.

आपल्याकडे उसाच्या बाजूला संत्र्याची बाग आहे, कुठे तुतीवर रेशीमकिडे आहेत, कुठे कुणाचे भाजीपाल्याचे वाफे, विहीर, गोठा. रेशीमकिड्यांना तर कीटकनाशकाचा नुसता वास पुरे. म्हणून आम्ही पुढील नियम पाळतो व सभासदांनीही ते धरून ठेवावेत :

– फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, वारा पडलेला असताना. पाचट हलत असेल तर थोडी चालेल, शेंडे डोलू लागले की बंद.

– आदल्या दिवशी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना सांगणे. भांडणाचे औषध हेच.

– शेजारचा बांध, विहीर, नाला, वस्ती यांच्या कडेची पट्टी सोडून द्यावी. ती हातपंपाने जपून करावी.

– संत्रा किंवा शेजारचे पीक फुलावर असताना, मधमाश्या फिरत असताना फवारणी नाही.

– टाकी धुतलेले पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतायचे नाही.

– त्या कामाला आणि त्या पिकाला लेबलावर परवानगी असलेलेच औषध वापरावे.

कायदा काय म्हणतो

केंद्र सरकारचे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झाले आणि शेतीतील फवारणीची कार्यपद्धती त्याच वर्षी डिसेंबरात आली. थोडक्यात असे. यंत्राची नोंदणी आणि ओळख क्रमांक हवा. चालवणाऱ्याकडे मान्यताप्राप्त संस्थेतून शिकल्याचे दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र हवे. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा हवा. म्हातारबांच्या मेथीचे पहिले उत्तर ते आहे. म्हणून कुणी फवारणीवाला दारात आला तर भावाच्या आधी या तीन गोष्टी विचारा. कागद नसलेल्याला वाटेला लावा.

आणखी एक स्थानिक बाब. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय यंत्र उडवता येत नाही. अमरावतीचे बेलोरा विमानतळ एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी विमानांसाठी सुरू झाले आहे. त्या बाजूच्या गावांनी नकाशा पाहूनच काम धरावे. इतरत्रही लष्करी किंवा संरक्षित जागा जवळ असेल तर तसेच.

फवारणीपलीकडे

२०२० च्या मे अखेरीस टोळधाड मध्य प्रदेशातून आपल्या मोर्शी भागात उतरली आणि पुढे वर्ध्याचे आष्टी, नागपूरचे काटोल गाठले, हे अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्याकडे ट्रॅक्टरचे पंप आणि अग्निशामक बंब रात्री धावले; लोकांनी डबे वाजवले. त्याच वर्षी राजस्थानात उंच झाडांवर व गाडी न जाणाऱ्या जागी बसलेल्या टोळांवर ड्रोनने फवारणी झाली. पुन्हा अशी वेळ आलीच तर यंत्र आणि चालवणारा माणूस तालुक्यात तयार असणे, ही मोठी गोष्ट ठरेल.

पुणे जिल्ह्यातील सोनोरी गावापासून आपल्या राज्यात गावठाणाची मोजणी या यंत्राने सुरू झाली आणि घरांच्या जागेचे नकाशे निघू लागले. पालघर जिल्ह्यातील जव्हारच्या दुर्गम भागात २०२१ मध्ये लस हवेतून पोचवण्याचा प्रयोग झाला. आपल्या कामापुरते म्हणाल तर ऊस नोंदीची मोजणी, कुठे लोळला, कुठे पाणी साचले, कुठे पिवळा पडला, हे वरून एका फेरीत दिसते. दहा-बारा एकराच्या उभ्या उसात मधोमध काय चालले आहे, हे बांधावरून ना मालकाला कळते ना आम्हाला.

मग घ्यायचे की नाही?

एकट्याने विकत घ्यावे, असे आम्ही सुचवणार नाही. यंत्र महाग, बॅटऱ्या थोड्या वर्षांत बदलाव्या लागतात, आणि एका शेतकऱ्याचे काम वर्षातून मोजक्या दिवसांचे. सरकारी अनुदान आहे. महिला बचत गटांसाठी ‘नमो ड्रोन दीदी’ ही योजना केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केली. शेतकरी उत्पादक कंपन्या व अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांसाठीही तरतुदी झाल्या. अनुदानाच्या अटी बदलत असतात, म्हणून अर्जाआधी तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी. तांत्रिक शंकेसाठी अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आपल्या हाकेच्या अंतरावर आहेच.

आपली वाट सहकाराची. जसे एकट्याने साखर कारखाना काढता येत नाही म्हणून आपण शेअर गोळा केले, तसेच इथे. एका शिवारातल्या लागून असलेल्या शेतांनी मिळून एकाच दिवशी फवारणी घेतली तर यंत्राच्या खेपा वाचतात, भाडे कमी पडते आणि बांधाचे भांडणही उरत नाही, कारण दोन्ही बाजूंना ऊसच आणि दोन्ही मालक हजर. ज्या गटांची अशी तयारी असेल त्यांनी आपापल्या गट कार्यालयात नावे द्यावीत. आम्ही येऊन आधी कीड पाहू, गरज नसेल तर फवारू नका असेच सांगू.

आणि पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराचे काय? त्याचे चार पैसे जातील, ही शंका रास्त आहे. आमची विनंती अशी की, टाकी भरणे, बॅटरी बदलणे, खुणा धरणे ही कामे त्यालाच द्यावीत, पूर्ण संरक्षण साहित्यासह. त्याचा मुलगा किंवा मुलगी दहावी झाली असेल तर चालवण्याच्या शिक्षणाला पाठवण्यास मदत करावी. बापाने अंगावर घेतलेले विष लेकीने बांधावर उभे राहून दूरवरून हाताळावे, यापरता या यंत्राचा दुसरा चांगला उपयोग आम्हाला तरी सुचत नाही.

त्या म्हातारबांना आम्ही मागाहून घरी जाऊन भेटलो. त्यांच्या मेथीकडची पट्टी सोडूनच प्रात्यक्षिक केले होते, ते दाखवले. मेथी हिरवी होती. ते म्हणाले, “आता सांगतलं ते ठीक केलं. पन साहेब, पुढच्या वेळी उडवाच्या आंधी सांगत जा.”

ते आम्ही लक्षात ठेवले आहे. आपणही ठेवावे, ही विनंती.

जय सहकार!

आपला,
ऊस विकास अधिकारी